माझे बापूजी



मंडळाच्या वर्धापनदिनी ‘माझे माहेर’ या विषयावर मी चार शब्द बोलावे, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला. मला भाषणाचा सराव नाही. शिवाय माझे माहेर दूर कुठे नाही; ते याच खामगावात, सराफ्यातल्या दोन खोल्यांत होते. तेव्हा ज्यांनी ते उभे केले, त्या माझ्या वडिलांविषयीच बोलते. आम्ही त्यांना बापूजी म्हणत असू.

बापूजी मूळचे जोधपूर संस्थानातले. घरात खाणारी तोंडे फार आणि काम थोडे, म्हणून १९३४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी ते चुलत्यांबरोबर निघाले. भुसावळला गाडी बदलून जलंबला उतरले आणि तेथून आठेक मैलांच्या फाट्याने खामगावला आले. हा फाटा कापसासाठी घातलेला. १८७० साली तो सुरू झाला, तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. त्या फाट्याने कापूस बाहेर जाई आणि बापूजींसारखे कारागीर आत येत. कारण कापूस विकला, की वऱ्हाडातल्या घराघरांत त्या पैशाची चांदी होई. आपल्या खामगावला रजतनगरी म्हणतात, ते काही उगीच नव्हे.

मारवाडी म्हटला की सावकार, असा लोकांचा समज. आमच्या घरी उधारीची वही होती खरी, पण ती किराणा दुकानदाराने लिहिलेली! बापूजी पहाटे भाता सुरू करीत. मुशीत चांदी वितळली, की टाकणखाराची चिमूट टाकीत. मळ वर येई. मग कांब ओतायची, ती ठोकायची, पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढून तार काढायची. तयार दागिना रिठ्याच्या पाण्यात घासून उजळण्याचे काम आईकडे. दागिना बापूजींच्या नावावर विकला जाई, पण त्यावरचा उजाळा आईच्या हातचा, हे या सभेत सांगितलेच पाहिजे.

बापूजींची मराठी मात्र अर्धीमुर्धी. मी मराठी शाळेत जात असल्यामुळे गिऱ्हाइकांशी त्यांचे बोलणे मीच जुळवून देई. याचा मला मोठा अभिमान वाटे. तो कसा उतरला, तेवढेच आज सांगायचे आहे.

साल १९५६. मी दहा वर्षांची. लग्नसराईत गावातलीच एक बाई थोरल्या मुलीसाठी तोडे करायला आली. तिने लुगड्याच्या ओच्यातून चाळीस बंदे रुपये काढले. सासूने मरताना दिलेले निम्मेशिम्मे, बाकीचे तिने स्वतः दळणकांडण करून साठवलेले. रुपयाचे वजन एक तोळा. तागडीत बरोबर चाळीस तोळे भरले. बापूजींनी एकेक रुपया वाजवून दोन ढीग केले. एकात राणीछाप आणि पाचव्या जॉर्जचे चोवीस, दुसऱ्यात सहाव्या जॉर्जचे सोळा.

भगिनींनो, जुन्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी असे. पण लढाईच्या काळात, १९४० साली, सरकारने ती निम्म्यावर आणली. वजन तेच, वरचा राजाही तोच. आतली चांदी तेवढी गेली. ही गोष्ट चूल सांभाळणाऱ्या बाईला कोण सांगणार?

बापूजी सोळांकडे बोट दाखवून म्हणाले, “बाई, ह्यात आधी चांदी.”

त्यांच्या बोलीत आधी म्हणजे निम्मी. बाईला वाटले, हा माणूस पहिल्यांदा चांदी ताब्यात मागतो आहे. ती उसळून म्हणाली, “पयले हिसोब सांगा, मंग चांदी मांगा!”

मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. पण तिची धाकटी मुलगी माझ्याच वर्गातली, आणि ती बापूजींच्या बोलण्यावर तोंड दाबून हसत होती. मला बापूजींची लाज वाटली. मी गप्प राहिले. बाई रुपये गोळा करून, परमुलखातल्या माणसाला चार शब्द सुनावून निघून गेली.

रात्री मला झोप लागेना. शेवटी उठून मी सारे सांगितले. बापूजी रागावले नाहीत. एवढेच विचारले, “मग आधी को मराठीत काय बोलतात?” मी म्हटले, “निम्मी.” त्यांनी तो शब्द दोनतीनदा घोकला.

सकाळी कसोटीचा दगड खिशात घालून, माझा हात धरून ते त्या बाईच्या दारी गेले. म्हणाले, “आता तू बोल.” मी बोलले. बापूजींनी दगडावर रेघा ओढल्या. जुन्या रुपयाची पांढरी, नव्याची मळकट, पिवळसर. बाई कितीतरी वेळ पाहत राहिली. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “माह्या कष्टाचेच कमी निघाले वं माय!”

सारे रुपये एकत्र वितळवून चाळीस तोळ्यांचे तोडे दिले असते, तर ती हसत गेली असती. बापूजींनी ती चांदी शिशाबरोबर तापवून गाळली. शुद्ध अशी जेमतेम तीस तोळे निघाली. त्याचेच तोडे झाले. मजुरी त्यांनी घेतली, ती बाईने आपखुशीने दिली, आणि पुढे धाकटीची जोडवीही आमच्याकडेच झाली.

बापूजी १९८३ साली याच गावात गेले. मारवाडात परत राहायला कधी गेलेच नाहीत. त्यांची मराठी शेवटपर्यंत वाकडीच राहिली. पण ‘निम्मे’ हा शब्द ते अगदी स्पष्ट उच्चारीत, आणि तो ऐकला की माझी मान खाली जाई.

आज मी ऐंशीला टेकले. आपल्या मंडळातही परप्रांतातून आलेल्या सुना आहेत. त्यांचा शब्द चुकला, तर कुणी हसू नये. शेजारी बसून तो शब्द सांगावा. मी तो एक दिवस उशिरा सांगितला.