पालकांनीही शाळेत नाव घालावे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलताना आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



समितीने मला विषय दिला आहे ‘मुलांचे शिक्षण आणि पालक’. शिक्षणाचे महत्त्व यावर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. ते मी आज सांगणार नाही. ते तुम्हाला पटलेलेच आहे. पटले नसते तर चार घरची धुणीभांडी करून, सकाळी सातला नाक्यावर उभे राहून तुम्ही वह्या-दप्तर घेतले नसते. मला बोलायचे आहे ते मूल शाळेत घातल्यानंतरचे. मी चौतीस वर्षे नगरपालिकेच्या शाळांत शिकवले. आपले पालक मुलाला फाटकापर्यंत सोडतात आणि तिथूनच परत फिरतात, हे मी रोज पाहिले. आत यायचे ते दोनच वेळा, दाखल करताना आणि दाखला काढताना.

का येत नाहीत? कामाचा खाडा पडतो, हे एक कारण आहेच आणि ते खरे आहे. पण दुसरे कारण मनातले आहे. “बाई, आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं? तुम्हीच बघा. मारा हवं तेवढं, हाडं आमची मांस तुमचं.” हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. बोलणाऱ्या माउलीचा भाव चांगला असतो. पण त्याचा अर्थ असा होतो की लेकरू शाळेला देऊन टाकले. आता तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे, तेव्हा ही परवानगी तुम्ही दिली तरी चालत नाही.

आपण रामजी सुभेदारांचे उदाहरण देतो. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यात सगळे घर. भीमराव लवकर झोपायचे, रात्री दोनला वडील त्यांना उठवायचे, आणि ते अभ्यासाला बसले की त्यांच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. पुस्तकांना पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. मुली आपला दागिना द्यायच्या, तो गहाण पडायचा, आणि पुस्तक घरी यायचे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले त्याच्या मागे हे सगळे आहे. मी हे सांगितले की कोणीतरी म्हणतेच, “बाई, सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, आम्ही कुठे?” बरोबर आहे. भाषांतर ते स्वतः करून घेत, ते आपल्याला जमणार नाही. पण रात्री दोनला उठवायला कोणती परीक्षा पास व्हावी लागते? आणि झोपायला जागा नाही म्हणून जागेची पाळी लावणे, हे तर आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाला चांगले समजते.

आता मुख्य गोष्ट. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मुलाचा अभ्यास कसा तपासायचा?

आपण वही बघतो. वही बघून फसायला होते, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. फळ्यावरचे सुंदर अक्षरात उतरवून घेणारी मुले असतात. पान भरलेले, लाल शाईने ‘छान’ लिहिलेले. त्याच मुलाला ते पान वाचायला सांगा, वाचता येत नाही. त्याने अक्षरे काढली, चित्र काढावे तशी. पाठ झालेला धडा मुले घडाघडा म्हणतात तेही वाचन नव्हे. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हा कोणता? तिथे कळते. त्याला कधी न पाहिलेला मजकूर द्या. वाण्याकडची कागदाची पुडी, लाइटचे बिल, एसटीची पाटी, औषधाच्या बाटलीवरचे नाव, लग्नाची पत्रिका. तुम्हाला येत नसेल तरी अडखळतो की सरळ वाचतो हे कानाला कळते. मग विचारा, “काय लिहिलंय ते मला सांग.” त्याने आपल्या शब्दांत सांगितले तर समजले आहे. पुन्हा तेच शब्द म्हणाला तर समजलेले नाही.

गणिताचेही तसेच. दुकानात पाठवा, शंभराची नोट द्या, परत आलेल्या पैशाचा हिशेब घ्या. दूध आठवड्याचे किती झाले, पगारातून उचल वजा जाता किती राहिले, हे त्याला काढू द्या. चौथीतल्या मुलाला हे आले पाहिजे. आले नाही तर मुलाला रागावू नका, दुसऱ्या दिवशी शाळेत जा. आणि जाऊन “माझा मुलगा कसा आहे?” असे विचारू नका. त्याचे उत्तर ‘बरा आहे, थोडं लक्ष द्या’ हे ठरलेले असते. मीही ते दिलेले आहे, पन्नास पालक रांगेत असले की दुसरे सुचत नाही. त्याऐवजी म्हणा, “बाई, याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत. तुम्ही काय करणार, आणि मी घरी काय करू?” असा प्रश्न आला की शिक्षक खुर्चीत सरळ होऊन बसतो.

असे विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे त्यात आहे. तेव्हा चप्पल दाराबाहेर काढून, कोपऱ्यात उभे राहून बोलायचे कारण नाही. खुर्चीवर बसून बोला.

हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे, ती आपल्या फार कमी लोकांना माहीत आहे. किंवा माहीत आहे ती अशी की शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो आणि आपण सही नाहीतर अंगठा करतो. बायांनो, त्या समितीत किमान ७५ टक्के सभासद पालक असावे लागतात. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या राज्यात अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेला आलेला पैसा कसा खर्च झाला हे पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. सरकारी व नगरपालिकेच्या शाळेत तिला हा अधिकार आहे. खाजगी अनुदानित शाळेत तिचे काम सल्ला देण्यापुरते आहे, २०१२ च्या दुरुस्तीने तसे झाले. विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघ असतो, आणि २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकून निवडतात. म्हणजे ओळखीचा प्रश्नच नाही, नाव मात्र द्यावे लागते. आपण नावच देत नाही.

समितीचा काय उपयोग होतो ते एका उदाहरणाने सांगते. शाळेचे नाव घेत नाही. तिथे वर्ग झाडायची आणि पाणी भरायची पाळी होती. पाळी असावी, काम करण्यात कमीपणा नाही. पण ती फिरून फिरून ठराविक आठ-दहा मुलांवरच यायची, आणि ती मुले कोणत्या वस्तीतली होती हे या सभागृहात सांगायला नको. मुलांनी घरी सांगितले नव्हते, त्यांना तसेच असते असे वाटत होते. एका मुलीच्या फ्रॉकला रोज धूळ कशी, म्हणून आईने विचारले तेव्हा कळले. वस्तीतले तरुण मोर्चा काढायला निघाले होते. त्या आईने आणि शेजारणीने त्यांना थांबवले. दोघी समितीच्या सभासद होत्या. त्यांनी मासिक सभेत एकच मागणी केली, महिन्याचा पाळीचा तक्ता सर्व मुलांच्या नावांसह वर्गाच्या दारावर लावा, आणि ही मागणी रजिस्टरमध्ये लिहा. रजिस्टरमध्ये लिहायचे म्हटल्यावर थोडी चुळबुळ झाली. पण लिहिले गेले, तक्ता लागला, आणि पुढच्या महिन्यात सरपंचाच्या पुतण्याच्या हातातही झाडू आला. मोर्चाला माझा विरोध नाही, कधी तोही काढावा लागतो. पण रजिस्टरमधली ओळ मोर्चा पांगल्यावरही तिथेच राहते.

पोषण आहाराचेही पाहता येते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. डाळ पातळ आहे की कशी, हे कळायला शिक्षण लागत नाही. त्यात तर तुम्ही आमच्यापेक्षा हुशार. आठवड्यातून एक आई गेली आणि दोन घास खाऊन आली तरी स्वयंपाकात फरक पडतो.

कागदांबद्दल थोडे. दाखल करताना जन्मतारीख, नाव, धर्म आणि जात हे रकाने स्वतः वाचून घ्या, येत नसेल तर वाचणारा माणूस सोबत न्या. बौद्ध समाजाला अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रात मिळाल्या १९९० साली, आणि त्यासाठी कागदावर नोंद नीट असावी लागते. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा उतारा त्या वेळी सोन्यापेक्षा महाग होतो. मूल शाळेत आहे तोवर चूक दुरुस्त करणे सोपे, शाळा सुटल्यावर चकरा. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्जही वेळेत भरा. आपल्याला त्यात उत्पन्नाची अट नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून अनेक खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. ते प्रकरण पालकांनीच कोर्टात नेले होते, हे मुद्दाम सांगते.

इंग्रजी माध्यमाचे विचारता? घातले असेल तर काढू नका. पण डायरीत काय लिहून आले ते मुलाकडून रोज मराठीत ऐका. ट्यूशन लावली म्हणजे आपले काम संपले, हे मला मान्य नाही. पुष्कळ ट्यूशनमध्ये शाळेतलेच उत्तर पुन्हा उतरवून घेतात.

आणखी एक गोष्ट. आठवीपर्यंत कायदा मुलाला धरून ठेवतो. पूर्वी आठवीपर्यंत नापास करत नसत. २०२३ साली आपल्या राज्याने नियम बदलला. आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, त्यात राहिला तर पुन्हा परीक्षा, तरी जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. म्हणजे वाचन कच्चे ठेवून पुढे सरकणारे मूल आता पाचवीत अडकेल. आणि अडकलेले मूल शाळा सोडते, हे मी पाहिले आहे. नववीत तर कायद्याचा हातही सुटतो. मुलगा गॅरेजवर जातो, मुलीला घरात ठेवतात. म्हणून तिसरी-चौथीतच लक्ष घाला. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा, तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेतूनच भरला जातो, पण शाळेला आठवण करून द्यायला कोणीतरी जावे लागते.

शेवटी विहाराकडे एक मागणे आहे, अध्यक्ष साहेबांनी रागावू नये. आपल्या मुलांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये येतात आणि जयंतीही एप्रिलमध्ये. मिरवणूक निघावी, निळे झेंडे लागावेत, मीही त्यात चालते. पण आधीचे आठ-दहा दिवस रात्री साउंड लावून गाणी वाजतात, तेव्हा गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत बसलेली पोर काय वाचणार? त्या दिवसांत संध्याकाळी सात ते दहा साउंड बंद आणि हे सभागृह उघडे, असे समितीने ठरवावे. दोन ट्यूबलाइट आणि सतरंज्या आहेतच. वर्गणीतून एक पंखा वाढवावा. शिकवायला कोणी नसले तरी चालेल, बसायला जागा आणि शांतता एवढे पुरे. पाळीने एकेका आईने दारात बसावे.

येत्या शनिवारी नगरपालिकेच्या शाळेत समितीची सभा आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या बाया सभासद आहेत, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पाच मिनिटे थांबावे. मागच्या सभेचा वृत्तांत कसा मागायचा आणि आपला मुद्दा रजिस्टरमध्ये कसा लिहून घ्यायचा ते मी सांगेन. सही येत नाही म्हणून कोणी घरी जाऊ नका, ती आज इथेच शिकवते.

जयभीम.