नदीच्या उन्हाळी प्रवाहाचे मूळ : समस्थानिकांची साक्ष

पावसाळा संपून सहा-सात महिने लोटतात, आकाशातून थेंबही पडत नाही, आणि तरीही काही नद्यांच्या पात्रात पाण्याची धार वाहत राहते. हे पाणी येते कोठून? खेड्यातील जाणत्या माणसाचे उत्तर ठरलेले असते : नदीला झरे आहेत. हे उत्तर बरोबर आहे. परंतु शासकीय नियोजनाला तेवढ्याने भागत नाही. झऱ्यांचे पाणी किती, धरणातून सुटलेले किती, डोंगरावरील बर्फाचे किती, हे कळल्यावाचून नदीकाठच्या उपशाला मर्यादा कोठे घालावी हे ठरविता येत नाही. पात्रात सर्व पाणी एकजीव झालेले असते, म्हणून केवळ प्रवाह मोजून हा हिशेब सुटत नाही. तो सोडविण्याचे एक साधन निसर्गाने पाण्यातच ठेवले आहे. ते म्हणजे पर्यावरणीय समस्थानिक.

हलके पाणी, जड पाणी

पाण्याचा रेणू हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अशा तीन अणूंचा बनतो. सर्व अणू मात्र सारख्या वजनाचे नसतात. ऑक्सिजनच्या सुमारे पाचशे अणूंमागे एक अणू 16 ऐवजी 18 वस्तुमानाचा असतो; हायड्रोजनच्या सुमारे 6,400 अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा, म्हणजे ड्यूटेरियमचा असतो. हे दोन्ही समस्थानिक स्थिर आहेत. त्यांतून किरणोत्सर्ग होत नाही. ते कोणी पाण्यात मिसळलेले नसतात, ते मूळचेच असतात.

पाण्याची वाफ होताना हलके रेणू आधी उडतात. वाफेचे पुन्हा पाणी होताना जड रेणू आधी खाली येतात. त्यामुळे ढग डोंगर चढू लागला की पायथ्याशी पडणारा पाऊस तुलनेने जड असतो आणि शिखराकडील पाऊस व बर्फ अधिकाधिक हलके होत जातात. दर शंभर मीटर उंचीमागे ऑक्सिजन-18 चे प्रमाण साधारणपणे हजारी 0.15 ते 0.5 इतके घटते. उलटपक्षी, तळ्यात किंवा जलाशयात उन्हाने आटलेले पाणी जड होते. पावसाच्या पाण्यातील ड्यूटेरियम व ऑक्सिजन-18 यांचे नाते एका सरळ रेषेत मांडता येते, हे हार्मन क्रेग यांनी 1961 मध्ये दाखवून दिले. बाष्पीभवन झालेले पाणी या रेषेपासून ढळते, आणि त्यावरून ते ओळखू येते.

यांच्या जोडीला दोन किरणोत्सर्गी साक्षीदार आहेत. ट्रिटियम हा हायड्रोजनचा समस्थानिक सुमारे 12.3 वर्षांत निम्मा होतो. वातावरणातील अणुचाचण्यांमुळे 1963 च्या सुमारास पावसातील त्याचे प्रमाण शिगेला पोहोचले होते. जमिनीतील पाणी अलीकडच्या काळात मुरलेले आहे की त्याहून जुने, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. दुसरा रेडॉन वायू. तो खडकात व मातीत सतत तयार होतो, उघड्या प्रवाहातून हवेत निघून जातो आणि 3.8 दिवसांत निम्मा होतो. म्हणून नदीच्या एखाद्या टप्प्यात रेडॉन एकाएकी वाढलेला आढळला, तर तेथे भूजल पात्रात उतरत आहे असे समजावे.

हिशेबाची रीत

शाळेतील मिश्रणाच्या उदाहरणासारखाच हा हिशेब आहे. समजा, वरच्या भागातून येणाऱ्या पाण्याचा निर्देशांक उणे 10 आहे, काठच्या भूजलाचा उणे 6 आहे, आणि खालच्या गावाजवळ नदीचा निर्देशांक उणे 8 आला. मग तेथील निम्मे पाणी वरून आलेले व निम्मे जमिनीतून पाझरलेले ठरते. नमुना घेण्याची रीतही सोपी आहे : बाटली काठोकाठ भरावी, आत हवा राहू देऊ नये, बूच घट्ट लावावे, स्थळ व दिनांक लिहावा. पुढील काम प्रयोगशाळेचे.

मात्र या रीतीला मर्यादा आहेत. दोन्ही पाण्यांच्या निर्देशांकांत पुरेसा फरक नसेल तर हिशेब जमत नाही. बाष्पीभवनाचा भाग वेगळा काढावा लागतो. शिवाय कालव्याने नदीचे पाणी शेतात नेलेले असेल, तर तेथे मुरून तयार झालेले भूजलही नदीचीच खूण बाळगते. म्हणून समस्थानिकांची साक्ष विहिरींची पातळी व प्रवाहाच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहणे आवश्यक असते.

नाईल आणि गंगा

नदी जमिनीला पाणी देते तेव्हा काय दिसते, याचे उदाहरण इजिप्तमध्ये सापडते. आस्वानचे उच्च धरण 1970 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या विस्तीर्ण जलाशयातून मोठे बाष्पीभवन होऊ लागले आणि खालच्या नाईलचे पाणी पूर्वीपेक्षा जड झाले. त्यामुळे काठच्या विहिरींतील कोणते पाणी धरणापूर्वी मुरलेले व कोणते नंतरचे, हे शास्त्रज्ञांना वेगळे करता आले.

जमीन नदीला पाणी देते तेव्हाचे उदाहरण आपल्या देशात गंगेचे आहे. गंगा हिमनद्यांतून निघते, म्हणून तिचे उन्हाळी पाणी बर्फाचेच, अशी समजूत रूढ आहे. ऋषिकेश येथील समस्थानिकांच्या अभ्यासात, जो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, बर्फ व हिमनद्यांच्या वितळपाण्याचा वाटा सरासरी सुमारे 32 टक्के आढळला. पुढे मैदानात चित्र आणखी बदलते. रुडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पाटण्यापर्यंतच्या उन्हाळी प्रवाहात वितळपाण्याचा वाटा नगण्य असून भूजलाचा पाझर हाच मुख्य आधार आहे. मधल्या टप्प्यात या पाझराने नदीचे पाणी सुमारे 120 टक्क्यांनी वाढते आणि उन्हाळ्यात निम्म्याहून अधिक पाणी बाष्पीभवनाने जाते, असेही त्यात म्हटले आहे.

येथे एक मतभेद नोंदविला पाहिजे. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांच्या 2018 च्या अभ्यासाने, सिंचनासाठी उपसा वाढला त्या 1970 च्या दशकापासून गंगेला मिळणारा भूजलाचा पाझर सुमारे 59 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष काढला. रुडकीच्या अभ्यासाला मात्र मध्य मैदानातील विहिरींची पातळी बव्हंशी स्थिर आढळली. नदी रोडावण्याचा दोष त्याने अतिउपसा, कालव्यांकडे वळविलेले पाणी आणि दुर्लक्षित उपनद्या यांच्याकडे दिला. पातळीविषयी दोहोंत एकमत नाही. परंतु उन्हाळी नदी जमिनीतील पाण्यावर जगते, याविषयी ते एकमुखी आहेत, आणि धोरणासाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रातील नद्यांना बर्फाचा आधार नाही. पावसाळ्यात काळ्या कातळाच्या फटींत व वरच्या मुरुमाच्या थरात जे साठते, तेच पुढे ओढ्या-नाल्यांतून पाझरते. हा साठा उथळ असल्याने तो लवकर रिकामा होतो. तेव्हा ओढ्याकाठी एकामागून एक विहिरी व कूपनलिका घेतल्या जातात, तेव्हा जमिनीतील पाण्याबरोबर पुढे नदीत उतरणारे पाणीही उपसले जाते. खालच्या गावाची पाणीपुरवठा योजना मार्चमध्येच कोरडी पडली, तर तिचे कारण अनेकदा वरच्या शिवारात शोधावे लागते.

कारभारात मात्र हे पाणी दोन वह्यांत लिहिले जाते : नदी जलसंपदा विभागाकडे, भूजल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत मोजते. त्याच दिवसांत जवळच्या ओढ्याचा प्रवाह नोंदविला गेला, तर एकाच साठ्याची दोन टोके शेजारी शेजारी दिसू लागतील. हे काम शाळेतील शिक्षक व विद्यार्थीही करू शकतात.

समस्थानिकांचा उपयोग निदानापुरताच नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातील गौचर परिसरात झऱ्यांच्या पाण्यावरून ते कोणत्या उंचीवर मुरते हे शोधले. त्या जागी पाणी अडविल्यावर झऱ्यांचा प्रवाह वाढला. चर खणायचे व बंधारे घालायचे ते कोठे, हे अंदाजाने न ठरविता पाण्यालाच विचारता येते, असा या कामाचा अर्थ आहे.

प्रत्येक गावात अशी तपासणी होणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. परंतु नव्या विहिरीचा प्रश्न ग्रामसभेपुढे येईल तेव्हा शेजारच्या विहिरीचे अंतर जसे विचारले जाते, तसेच ओढ्याचेही विचारले जावे. आणि वरच्या व खालच्या गावांनी उन्हाळ्यापूर्वी एकत्र बसून उपशाचा हिशेब मांडावा. जमिनीतील पाणी आणि नदीतील पाणी एकच आहे, हे पाण्याच्या अणूंनी सिद्ध केले आहे. कारभारानेही ते मान्य करावयास हवे.