तोट्यातली भागी
(नागाव येथील मेळाव्यातील भाषण)



३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आले आणि नागावच्या वाड्यांतली सुपारी आडवी झाली. नवे रोप फळायला पाच-सहा वर्षे लागतात. वादळ कोणाला अडवता येत नाही. बाजाराचा धोका मात्र वाटून घेता येतो.

शेतकी कॉलेजात आम्ही झाडाचा हिशेब शिकलो, बाजाराचा नाही. तो द्राक्षवाल्यांनी शिकवला. १९९१ साली त्यांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स'मध्ये एकत्र आल्या. संस्था वेगळ्याच राहिल्या. परदेशातली विक्री एक झाली. एकीने सगळे टळते असे नाही. २०१० साली औषधाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षे अडली. काहींच्या मालातला दोष सगळ्यांना भोवला. म्हणून एकीला नियम लागतात.

द्राक्ष नाशवंत. आपली वाळलेली सुपारी महिनोन्महिने टिकते. तरी गरज पडली की आपण एकेकटे व्यापाऱ्याच्या दारात!

गावोगावच्या गटांनी, शेतकरी कंपन्यांनी प्रतवारी एक करावी, गोदाम एक करावे. आणि तोटा कसा वाटायचा, ते आधी कागदावर लिहावे. नफ्याला भागीदार पुष्कळ मिळतात. तोट्याला उभा राहील तोच आपला.