दगडावरचं नाव



कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' शेवटाची, म्हणजे आपली. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. नावं दगडावर होती म्हणून वाचता आली.

आमच्या चुलत्यांचं तसं झालं नाही. १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यात ते होते. निजामी मुलखात परत आले, सालगडी झाले आणि १९५६ च्या आधीच गेले. तेव्हा पुरायची रीत. उशाशी एक धोंडा ठेवला होता, तोही कुणीतरी बांधाला नेला! जागा फक्त आत्याला ठाऊक, आणि आत्याला आता दिसत नाही.

विहारातल्या चार पोरांनी तिला हाताला धरून नेलं. लिंबापासून पावलं मोजत ती थांबली, म्हणाली, "हितंच." दोन हात इकडंतिकडं असेल, मी कशाला खोटं सांगू. पोरांनी फरशी बसवली. वर नाव, गाव, पलटण.

तुमच्याही पेटीत डिस्चार्जचा कागद, पेन्शनबुक, एखादं पदक असेल. नंबर उतरवून आणा. म्हाताऱ्यांना आजच विचारा. रविवारी सकाळी आठला विहारातून निघतोय. येताना टिकाव घ्या, आमच्याकडं एकच आहे.