गावची बाजरी, जगाचा बाजार



पुणे-अहिल्यानगर महामार्गाला चाकणचा रस्ता जेथे येऊन मिळतो, तेथे शिक्रापूर वसले आहे. एका अंगास सणसवाडीचे, दुसऱ्या अंगास रांजणगावचे कारखाने. भोवताली बाजरी, ज्वारी, कांदा आणि ऊस यांची शेते. शेत आणि ताट यांतील अंतर येथे थोडे आहे. शेतमालाचा भाव मात्र दूर कोठेतरी ठरतो.

कांद्याचा अनुभव याची साक्ष देतो. 1980 साली चाकणला शेतकऱ्यांनी कांद्याच्या रास्त भावासाठी आंदोलन केले. पुढे 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि परदेशी बाजारपेठेची आशा वाढली. तथापि ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरात निर्यातबंदी आली आणि ती मे 2024 मध्ये उठली. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू होता. भार मात्र ज्याचा माल विक्रीस तयार होता त्याच्यावर पडला.

म्हणून दूरच्या बाजाराकडे पाठ फिरवावी, असे नव्हे. सारा कांदा गावात खपणारही नाही. परंतु एकाच बाजारावर विसंबणारा शेतकरी अगतिक होतो. जवळचा बाजार त्याला दुसरा आधार देतो. शाळा, अंगणवाड्या, वसतिगृहे आणि कारखान्यांची उपाहारगृहे हे रोजचे ग्राहक आहेत. त्यांच्या ताटात परिसरातील भाजी आणि भाकरी यावी. बाजरी सुमारे तीन महिन्यांत, थोड्या पाण्यावर येते. ऊस वर्षभर पाणी मागतो.

मात्र जवळचा व्यापार आपोआप न्याय्य होत नाही. काटा मारणारा शेजारचाही असू शकतो. 1988 साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर न्याय्य व्यापाराचे चिन्ह लागले. उत्पादकाला किमान भावाची हमी हे त्याचे मर्म होते. उघड लिलाव, अचूक वजन आणि वेळेवर चुकारा ही तत्त्वे महाराष्ट्राच्या 1963 च्या बाजार समिती कायद्यालाही अभिप्रेत आहेत.

आठवडे बाजारात प्रमाणित काटा, सावलीचा ओटा आणि दिवसाचे भाव लिहिलेला फळा एवढे ग्रामपंचायतीला करता येईल. तोच फळा शिक्षकांना गणिताचा धडा होईल. अधिकाऱ्यांनी शेतकरी गटांची गाठ संस्थांच्या खरेदीशी घालून द्यावी. पिकवणाऱ्याला आपल्या मालाचे मोल आपल्याच गावात कळले, तर जगाच्या बाजारातही तो ताठ मानेने उभा राहील.