उद्योगाचा निबंध

शालेय निबंधाचे साचे ठरलेले आहेत: आत्मवृत्त, मनोगत, प्रसंगलेखन, 'मी अमुक झालो तर'. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनाखाली पत्र, बातमी आणि जाहिरातही येते. मुलांना उद्योजकतेची ओळख करून द्यायला एवढे साचे पुरेसे आहेत. अडचण आहे ती मजकुराची. 'उद्योजकतेचे महत्त्व' असा विषय फळ्यावर लिहिला की मुले गाइडमधली वाक्ये उतरवून मोकळी होतात. त्या निबंधात कोणी माल घेत नाही, विकत नाही आणि कोणाचे बुडतही नाही.

नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या गावात विषयासाठी लांब जावे लागत नाही. नंदुरबारची बाजारपेठ लाल मिरचीसाठी राज्यभर प्रसिद्ध आहे. शेतकरी ओली लाल मिरची बाजारात आणतो. व्यापारी ती घेऊन शहराबाहेरच्या पथारींवर उन्हात पसरतात. वाळल्यावर मजूर देठ खुडतात आणि मग माल तिखट दळणाऱ्या कारखान्यांकडे जातो. 'मिरचीचे आत्मवृत्त' या वाटेने लिहिले, तर पहिली गाठ पडते वजनाशी. ओल्या लाल मिरचीत साधारण पाऊण हिस्सा पाणीच असते. चार किलोंतून ढोबळमानाने एक किलो सुकी मिरची उरते. ओला माल तीस रुपये किलोने घेतला असे धरले, तर सुक्या किलोची नुसती खरेदीच एकशेवीस रुपयांना पडते. हमाली, मजुरी, जागेचे भाडे, पोती हे सगळे त्यावर. सुक्या मिरचीचा भाव ऐकून 'व्यापारी चौपट कमावतो' असे लिहायला निघालेली मुलगी इथे खोडरबर शोधते. त्यातच माल पथारीवर असताना अवकाळी पाऊस आला, तर मिरची सडते, रंग जातो, भाव पडतो. पैसा व्यापाऱ्याचा अडकतो आणि देठ खुडणाऱ्या बाईचा रोजही बुडतो.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. किती कैऱ्यांचे किती आमचूर झाले, हे तिथल्या मुलांना घरीच तराजू लावून लिहिता येईल.

लेखन आणि उद्योग यांची सोयरीक महाराष्ट्राला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि गिऱ्हाईक मिळेना. माल चांगला असूनही का खपत नाही, हा निबंधाचा उत्तम विषय आहे. यशोगाथांच्या पुस्तकांत तो सहसा दोन ओळींत उरकतात. पुढे किर्लोस्करांच्याच कारखान्यातून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी संपादित केलेले हे पत्रक कारखान्याच्या बातम्यांपासून वाढत जाऊन मराठीतले मोठे मासिक झाले.

असा निबंध वर्गात बसून होत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे. त्यातला एक दिवस बाजाराला द्यावा. प्रश्न आधी ठरलेले असावेत: माल कोठून आणता, भांडवल कोणाचे, उरलेल्या मालाचे काय करता, मंदीत घर कसे चालते? मुलाखत अहिराणीत, भिलीत किंवा गुजरातीत, जशी समोरच्याची बोली असेल तशी व्हावी. प्रमाण मराठीची पाळी वही उघडल्यावर. माणसाचे खास शब्द मात्र तसेच ठेवावेत.

तपासतानाही नेहमीचा हात थोडा बदलावा लागतो. सुविचार आणि अलंकारांना गुण देण्याची सवय मोडणे शिक्षकांना जड जाते, पण इथे हिशेब जुळतो का, हे आधी पाहायचे. 'हा धंदा मी करणार नाही' असा शेवट कारणांसह आला, तर तोही पूर्ण गुणांचा. एक पथ्य मात्र कडक हवे. किराणा दुकानावर लिहिताना उधारी किती थकते हे यावे, पण दुकानाच्या उधारीच्या वहीतली नावे निबंधात येऊ नयेत. त्यांतली काही त्याच वर्गातल्या मुलांच्या घरची असतात.