वसतिगृहाच्या भिंती आणि कर्जाचे हप्ते



झांबियाच्या ग्रामीण भागात माध्यमिक शाळा बहुधा गावापासून फार दूर असते. तिला वसतिगृह नसेल, तर मुली शाळेजवळ एखादी खोली किंवा गवती छपराची झोपडी भाड्याने घेतात आणि मक्याचे पीठ संपले की आणायला घरी जातात. तिकडे याला ‘साप्ताहिक निवास’ म्हणतात. नाव व्यवस्थेचे, वस्तुस्थिती अव्यवस्थेची! तेथे ना देखरेख, ना धड कडी. उधारीवर पीठ देणारा त्या उधारीची वसुली कशी करील, हे स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. बाळंतपणानंतर मुलीला पुन्हा शाळेत घ्यावे, असे धोरण त्या देशाने १९९७ सालीच स्वीकारले. पण परत येऊन तिने राहायचे कोठे?

परकीय मदतीने वसतिगृहे बांधली जातात, आणि ती हवीतच. मदत म्हणजे साम्राज्यवादाचा नवा मुखवटा, असे म्हणून हात झटकणे आपल्या चळवळीत फार सोपे झाले आहे. त्या झोपडीतली मुलगी या युक्तिवादात कोठेच नसते. परंतु दात्याला इमारत आवडते. तिचे उद्घाटन होते, तिच्यावर पाटी लागते. अधीक्षिकेचा पगार, रात्रीचा पहारेकरी, पाण्याचा पंप आणि दोन वेळचे जेवण यांवर पाटी लावता येत नाही. हा खर्च दरवर्षीचा. तो सरकारने तरी सोसावा, नाही तर पालकांनी शुल्करूपाने. शुल्क आले की गरिबाची मुलगी पुन्हा झोपडीत.

सरकारजवळ पैसा का नाही? १९६४ साली स्वतंत्र झालेल्या या देशाने तांब्याच्या उत्पन्नावर शिक्षण मोफत ठेवले होते. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास तांब्याचा भाव कोसळला, कर्ज वाढले, आणि पुढे धनकोंच्या अटींबरोबर शुल्कही आले. २०१२ ते २०१५ या काळात तीन अब्ज डॉलरांचे रोखे विकले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये व्याजाचा हप्ता थकला. तरीही २०२२ पासून माध्यमिक शिक्षणाचे शुल्क रद्द झाले, आणि वाढवलेल्या मतदारसंघ विकास निधीतून गरीब मुलामुलींचा वसतिगृहाचा खर्च देण्यास आरंभ झाला. दिवाळखोर ठरलेल्या राज्याने हे केले, याची नोंद घेतली पाहिजे.

सरकारच्या हाती पैसा दिला की तो खाल्ला जातो, हा आक्षेप पोकळ नाही. गरिबांच्या अनुदानात अफरातफर झाल्यावरून २०१८ मध्ये ब्रिटनसह काही देशांनी मदत रोखली होती. पण यावरचा उपाय हिशेब गावासमोर उघडा ठेवणे हा आहे. वसतिगृह बांधून किल्ली देऊन निघून जाणे हा नव्हे. शिवाय दात्याचाही भरवसा काय? अमेरिकेची मदतसंस्थाच २०२५ मध्ये मोडीत निघाली.

म्हणून मागणी दुहेरी हवी: चालू खर्चासाठी निदान दहा वर्षांची बांधील मदत, आणि कर्जात खरीखुरी सूट. रोखेधारकांशी तडजोड पूर्ण होण्यास जून २०२४ उजाडला; हप्ता थकल्यापासून साडेतीन वर्षे. त्याच वर्षी दुष्काळाने मका करपला होता, आणि मुलींच्या डब्यातले पीठ त्याच मक्याचे असते.